मनाचे मोजमाप

ताप आला की तापमापक लावावा, फळ्यावरची अक्षरे पुसट दिसू लागली की डोळे तपासून घ्यावेत, ही रीत आता घरोघरी रुळली आहे. मनाच्या दुखण्यालाही माप लावता येते असे म्हटले, तर मात्र पुष्कळ पालक हसतात. ‘अभ्यास टाळण्याची ही नवी सबब!’ असा शेरा आम्ही अनेकदा ऐकला आहे. दुसऱ्या टोकाला अशीही उत्साही मंडळी आहेत, की ज्यांना वाटते, एका तासात साऱ्या वर्गाकडून छापील प्रश्नावली भरून घेतली, टक्केवारी काढली आणि तिचा तक्ता कार्यालयात टांगला, की मुलांच्या मनाची व्यवस्था लागली. या दोन्ही पक्षांशी आमचे जमत नाही. माप हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु ते कोणत्या अटींवर हवे याचा उच्चार फारसा कोणी करीत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही मापे म्हणजे काही गूढ यंत्रे नव्हेत. पीएचक्यू-९ या नावाची एक प्रश्नावली अमेरिकेतील डॉक्टरांनी तयार केली आणि २००१ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात नऊ प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटली नाही, झोप लागली नाही, उत्साह वाटला नाही, असे किती दिवस घडले, एवढेच ती विचारते. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्याहून अधिक गुण आले, तर जाणत्याने अधिक चौकशी करावी, असा संकेत आहे. चिंतेसाठी अशीच सात प्रश्नांची प्रश्नावली आहे, तर मद्यपानासाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची. हे रोगाचे निदान नव्हे, ही केवळ चाळणी आहे. चाळणीवर जे राहिले ते पुन्हा हातात घेऊन पाहायचे असते. या परीक्षेत अधिक गुण मिळवणारा पहिला येत नाही, हे आमच्या विद्यार्थिमित्रांना वेगळे सांगावयास नकोच.

आता पहिली अडचण भाषेची. आपल्या कुकटपल्लीतला मुलगा घरी मराठी बोलतो, गल्लीत तेलुगू, बाजारात दख्खनी हिंदी, आणि हाउसिंग बोर्ड कॉलनीतल्या शिकवणीवर्गात इंग्रजी. त्याचे मन यांपैकी कोणत्या भाषेत उदास होते? आमची स्वतःची घरची भाषा कोंकणी. ‘मन लागना’ या दोन शब्दांत आमच्या घरी जे कळते, ते एखाद्या जड संस्कृत शब्दात कळेलच असे नाही. मराठीतही ‘उदास’ आणि ‘उदासीन’ यांत केवढे अंतर आहे! उदास म्हणजे खिन्न. उदासीन म्हणजे ज्याला सुखदुःखाची पर्वा नाही तो. भाषांतरकाराने ‘उदासीनता’ लिहिले, की एखादी शहाणी मुलगी ‘छे, मी बेपर्वा नाही’ असे मनात म्हणून शून्यावर खूण करील. ‘काळजी’ या शब्दाची गंमत तर याहून मोठी. आईला आपली काळजी वाटते ती माया, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री छाती धडधडते तीही काळजीच. ‘तुला वारंवार काळजी वाटते का?’ असे विचारल्यावर आजारी आजीची विचारपूस करणारा गुणी मुलगा ‘रोज’ असे लिहून मोकळा होईल. मुले स्वतः मात्र एकच शब्द वापरतात, ‘टेन्शन’; आणि तो तेलुगू, मराठी, कोंकणी, तिन्ही भाषांत एकसारखा चालतो. भाषेच्या शिक्षकाला तो रुचत नसला, तरी प्रश्नावलीत तो असावा, असे आम्हांस वाटते.

व्यसनाच्या बाबतीत तर शब्दच लपंडाव खेळतात. तंबाखूची मिश्री दातांना लावणाऱ्या बाईस आपण व्यसनी आहोत असे वाटत नाही. गोव्यात सर्दीवर फेणीचा घोट देणारे घर त्याला औषध म्हणते, आणि तेलंगणात सणावाराला ताडी घरात येते तिला कोणी दारू म्हणत नाही. अशा घरातल्या मुलाला ‘तू मद्य घेतोस का?’ असे विचारले, तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. म्हणून वस्तूचे नाव घेऊनच विचारले पाहिजे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत असे आढळले, की हुंगण्याच्या नशेचे प्रमाण तेवढे प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आहे. नुसते ‘दारू, सिगारेट’ विचारणाऱ्याच्या हाती हे कधी लागले नसते.

आकडे वाचतानाही सबुरी लागते. गोव्यात १२ ते १६ वर्षांच्या २,०४८ मुलामुलींची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मनोविकाराचे प्रमाण शेकडा १.८१ निघाले. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ या वयोगटात ते शेकडा ७.३ आढळले, महानगरांत १३.५, ग्रामीण भागात ६.९. जन्मभूमीच्या अभिमानापोटी ‘गोव्याची मुले सुखी’ असे म्हणावयास आम्हांस आवडले असते! पण वय निराळे, साल निराळे, गज निराळा. तेव्हा ही तुलना टिकणारी नाही. त्या गोव्याच्या पाहणीत आकड्यापेक्षा मोलाची गोष्ट दुसरीच आहे. अभ्यासात अडचण, वस्तीत असुरक्षितता, मारहाण किंवा शिवीगाळ आणि तंबाखू, यांची मनोविकाराशी सांगड दिसली; आणि ज्या मुलांना मुख्य आधार घरच्या माणसांचा होता, त्यांच्यात हे प्रमाण कमी आढळले. पालकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे, अशी आमची विनंती आहे.

दुसरी अट गुप्ततेची. एनसीईआरटीने २०२२ च्या जानेवारी ते मार्च या काळात देशभरातील सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांना त्यांच्या मनःस्थितीविषयी प्रश्न विचारले. नाव लिहिणे ऐच्छिक ठेवले होते. अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही चिंतेची कारणे आहेत, असे शेकडा ८१ मुलांनी सांगितले. शेजारच्या बाकावरचा मित्र उत्तरपत्रिकेत डोकावत असता, आणि वर्गशिक्षक हजेरीपट हाती घेऊन उभे असता, ही उत्तरे मिळाली असती काय? परंतु नाव नसेल, तर ज्याला मदत हवी तो सापडणार कसा? ही खरी गाठ आहे. पाहणी करायची असेल तर नाव नको. मदत करायची असेल तर नाव हवे. दोन्ही कामे एकाच कागदावर करू नयेत. जेथे नाव घ्यायचे, तेथे आधीच सांगावे, की हा कागद मुख्याध्यापक, शेजारी किंवा आप्तेष्ट यांच्या हाती जाणार नाही. मात्र तुझ्या जिवाला धोका आहे असे दिसले, तर एका जबाबदार मोठ्या माणसास सांगावेच लागेल. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न नेमका जगणे नकोसे वाटण्याविषयी आहे. त्याला ‘शून्य’ सोडून दुसरे उत्तर आले, तर त्या मुलाशी त्याच दिवशी बोलले पाहिजे. गठ्ठा बांधून कपाटात ठेवण्याचा तो कागद नव्हे.

येथेच आमचा मुख्य आग्रह आहे. पुढे बोलणारे माणूस सिद्ध नसेल, तर प्रश्न विचारूच नयेत. ‘एवढे डॉक्टर आणावयाचे कोठून?’ असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर गोव्याच्या संगत या संस्थेने दिले आहे. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत पीएचक्यू-९ वर चौदाहून अधिक गुण आलेल्या प्रौढांशी, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकी केल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी शेकडा ६४ जणांचे गुण दहाच्या खाली आले. ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ३९ होते. ही माणसे मोठी होती, शाळकरी नव्हती, हे खरे. तथापि आधी माणूस उभे करून मग माप लावण्याचा जो क्रम त्यांनी पाळला, तो शाळेलाही लागू आहे.

तेव्हा आपल्या शाळेत अशी प्रश्नावली आणावयाची झाल्यास ती मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषांत असावी, आधी चारसहा मुलांना मोठ्याने वाचून दाखवून त्यांना काय कळले ते विचारावे, आणि आठवड्यातून निदान दोन दिवस बसणारा समुपदेशक नेमल्यावाचून ती वाटू नये, असे आम्ही सुचवितो. तोवर २०२२ साली सुरू झालेली टेलिमानस ही सरकारी सेवा आहेच. १४४१६ या क्रमांकावर ती अहोरात्र व विनामूल्य मिळते, आणि तेथे मराठीत व तेलुगूतही बोलता येते. विद्यार्थ्यांनी हा क्रमांक वहीच्या मागल्या पानावर उतरून ठेवावा. आणि पालकांनी, प्रश्नावली भरून मूल घरी आले, म्हणजे ‘किती गुण पडले?’ असे कृपा करून विचारू नये.