संथ सुरांचा गोतावळा

मेटल संगीत म्हटले की बहुतेकांना वेग आठवतो. डूम मेटल त्याच घराण्यातले, पण त्याची चाल उलटी. थ्रॅश मेटलचा ड्रमर मिनिटाला दोनशेच्या आसपास ठोके घेत असेल, तर डूमचा ड्रमर पन्नास-साठवर रेंगाळतो, कधी त्याहूनही खाली उतरतो. गिटार नेहमीच्या पट्टीच्या बरीच खाली लावलेली, एकेक स्वर विरेपर्यंत धरून ठेवलेला, आणि गाण्यांतून मृत्यू, एकटेपण, व्यसन, देवाशी भांडण. दहा-पंधरा मिनिटांचे गाणे इथे नवलाचे नाही. अशा संगीताला फार मोठी गर्दी मिळत नाही आणि ते वाजवणाऱ्या बहुतेकांचे पोट दुसऱ्याच कामावर चालते. तरीही अर्धशतकाहून अधिक काळ हा प्रकार टिकून आहे. आमच्या मते त्याचे कारण वादक आणि चाहते यांच्या नात्यात आहे. डूमचा वादक चाहत्यांच्या मेळ्यातूनच उठून वाजवायला गेलेला असतो आणि वाजवून झाले की तिथेच परत येऊन बसतो. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात स्वतः गाणारा माणूस दुसऱ्याचा विलंबित ख्याल ऐकायला मांडी घालून बसलेला दिसतो, तसेच हे.

या संगीताची सुरुवातही ऐकण्यातून झाली. १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या टोनी आयोमी यांचा कामाचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी दाबयंत्रात त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. आयोमी डावखुरे, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका हाच. गिटार संपली असे वाटत असताना कारखान्यातल्या साहेबांनी त्यांना जँगो राइनहार्ट यांची तबकडी ऐकवली. आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाल्यावरही राइनहार्ट युरोपातले अव्वल जॅझ गिटारवादक ठरले होते. आयोमींनी भांडी घासण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, त्यातून बोटांना बसतील अशा टोप्या घडवल्या आणि तार घसरू नये म्हणून त्यावर चामडे चिकटवले. तारा हलक्या घेतल्या, पुढे त्या सैल करून पट्टी खाली आणली. त्यांच्या ब्लॅक सॅबाथ या बँडच्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बममधल्या बऱ्याच गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली आहे. १३ फेब्रुवारी १९७० रोजी आलेल्या ब्लॅक सॅबाथच्या पहिल्या अल्बमपासून डूमची वंशावळ मोजतात. तिच्या मुळाशी एका जखमी वादकाने ऐकलेला दुसरा जखमी वादक आहे.

ऐंशीच्या दशकात मात्र सगळा ओढा वेगाकडे होता. लॉस एंजेलिस परिसरातल्या सेंट व्हायटस या बँडने आपले नावच सॅबाथच्या एका गाण्यावरून घेतले होते. त्यांना आसरा मिळाला तो एसएसटी या पंक रेकॉर्ड कंपनीकडे. ब्लॅक फ्लॅग या पंक बँडबरोबर दौरे करताना वेगाला सोकावलेल्या पंक श्रोत्यांकडून त्यांना हुर्यो आणि थुंकी सोसावी लागली. चाल वाढवली असती तर त्रास कमी झाला असता. त्यांनी ती वाढवली नाही. दशकाच्या अखेरीस त्यांना कदर मिळाली ती अटलांटिकपलीकडे, जर्मनीत.

स्टॉकहोमच्या लेफ एडलिंग यांची गोष्ट अधिक बोलकी आहे. बासवादक आणि गीतकार असलेले एडलिंग आधी सॅबाथचे कट्टर चाहते. १९८६ मध्ये त्यांच्या कँडलमास या बँडचा ‘एपिकस डूमिकस मेटॅलिकस’ हा अल्बम ब्लॅक ड्रॅगन या फ्रेंच कंपनीने काढला. योहान लँगक्विस्ट हे गायक त्यात केवळ पाहुणे होते. ध्वनिमुद्रण करून ते निघून गेले. अल्बम फारसा खपला नाही आणि कंपनीने बँडला नारळ दिला. पण त्या काळी मेटलचे चाहते कोऱ्या कॅसेटवर संगीत उतरवून टपालाने देशोदेशी पाठवत, सोबत चार ओळींचे पत्र आणि बदल्यात काय हवे याची यादी. हाताने टाइप करून झेरॉक्स काढलेली छोटी मासिके होती, त्यांत पत्ते छापलेले असत. पाकिटावर पत्ता लिहिणारा हात कित्येकदा स्वतः एखाद्या बँडमध्ये वाजवणाऱ्याचाच असे. कंपनीच्या वहीत तोट्यात दिसणारी रेकॉर्ड अशा जाळ्यात वर्षानुवर्षे फिरत राही. आज एपिक डूम नावाचा अख्खा उपप्रकार त्या अल्बमच्या नावाने ओळखला जातो. लँगक्विस्ट २०१८ मध्ये बँडमध्ये परतले, आणि २०१९ च्या ‘द डोअर टू डूम’ या अल्बममधल्या एका गाण्यात गिटारचा एकल भाग वाजवला तो साक्षात टोनी आयोमी यांनी. त्या गाण्याला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. पुरस्कार टूल या बँडकडे गेला, पण आमच्या लेखी ते गौण आहे. ज्यांची रेकॉर्ड ऐकून वाजवायला घेतले, त्यांनीच येऊन आपल्या गाण्यात वाजवावे, याहून मोठी दाद कोणती!

या गोतावळ्याची माया आंधळी असू नये, हेही सांगायला हवे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात १९७१ मध्ये सुरू झालेल्या पेंटाग्राम या बँडला पहिल्या पूर्ण अल्बमपर्यंत पोहोचायला १९८५ साल उजाडले. मधल्या काळातली मुद्रणे चाहत्यांनीच जपली. पुढे गायक बॉबी लीब्लिंग व्यसनात पार बुडाले, आईवडिलांच्या घराच्या तळघरात राहू लागले, तेव्हा त्यांना पुन्हा माणसांत आणण्यासाठी वर्षे खर्ची घालणारा माणूसही एक चाहताच होता. ‘लास्ट डेज हियर’ हा २०११ चा माहितीपट या दोघांच्या नात्यावर आहे. तो पाहताना गलबलून येते. मात्र २०१७ मध्ये याच लीब्लिंग यांना वृद्ध आईच्या छळाच्या प्रकरणात तुरुंगवास झाला. संगीताने कुणाला जगण्याचे बळ दिले, म्हणून ते करणाऱ्याचे सगळे पदरात घालून घ्यावे असे नाही. आवडत्या वादकाला जाब विचारता येत नसेल, तर ती भक्ती झाली, मैत्री नव्हे.

नेदरलँड्समधल्या टिलबर्ग शहरात भरणारा, १९९९ मध्ये सुरू झालेला रोडबर्न महोत्सव हे या मैत्रीचे आजचे ठळक उदाहरण. संथ आणि जड संगीताचे चाहते जगभरातून तिथे येतात. काही कार्यक्रमांत कोणते बँड बोलवायचे याची निवड तिथे काही काळ दरवर्षी एखाद्या वादकाकडे सोपवली जाई. २०१३ मध्ये ती इलेक्ट्रिक विझार्ड या डूम बँडच्या जस ओबॉर्न यांच्याकडे होती. वादकाने स्वतःच्या नावाचे फलक लावण्याऐवजी आपल्याला कोण आवडते ते उघड करावे, ही रीत आम्हाला फार मोलाची वाटते. नव्या डूम वादकाने चाहत्यांच्या मेळ्यात शिरताना नेमके हेच करावे. आपला अल्बम विकत घ्या, हे सांगायला वेळ आहे. आधी काय ऐकतो, कशाने झोप उडाली, गिटारचा कोणता रिफ महिनाभर डोक्यातून जात नव्हता, ते बोलावे आणि दुसऱ्याचेही ऐकावे. उलट बाजूने चाहत्यांनीही नवख्याला निदान एक गाणे अखेरपर्यंत द्यावे. डूमवर तिसाव्या सेकंदाला मत बनवणे अन्यायाचे आहे, कारण तिसाव्या सेकंदाला कित्येकदा दुसरा स्वरही आलेला नसतो.

सिॲटलच्या बेल विच या जोडीचा ‘मिरर रीपर’ हा २०१७ चा अल्बम म्हणजे त्र्याऐंशी मिनिटांचे एकच गाणे आहे. त्यात गिटार नाही, केवळ बास, ड्रम, ऑर्गन आणि आवाज. २०१६ मध्ये वारलेले त्यांचे आधीचे ड्रमर एड्रियन ग्वेरा यांच्या स्मरणार्थ ते रचले गेले आणि मधल्या भागात ग्वेरा यांचाच जुना ध्वनिमुद्रित आवाज येतो. ज्याला घाई आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये. ज्याने कुणी गमावले आहे, त्याला मात्र तेवढा वेळ पुरत नाही. शोक करायला इतकी ऐसपैस जागा देणारे संगीत आज फारसे उरलेले नाही. ते ऐकणारी माणसे एकमेकांना शोधत येतात, त्यात नवल ते काय?

हा गोतावळा आपल्याकडेही आहे, लहान पण चिवट. बंगळुरूच्या जिन अँड मिस्काटॉनिक या डूम बँडचे बासवादक जयप्रकाश सत्यमूर्ती इंग्रजीत भयकथा लिहितात, आणि बँडच्या नावातला मिस्काटॉनिक लव्हक्राफ्ट यांच्या भयकथांतूनच आला आहे. मुंबईच्या ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी या कंपनीचे कुणाल चोक्सी आधी मेटलवर लिहीत असत. आज ते देशोदेशीच्या बँडचे अल्बम काढतात. श्रोता, लेखक, वादक, प्रकाशक या भूमिका इथेही अशाच एकमेकींत मिसळलेल्या आहेत.

उणीव आहे ती जागेची. १९८६ मध्ये सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवामुळे धोबी तलावचे रंगभवन मुंबईच्या रॉकवाल्यांचे माहेर झाले होते. शेजारी रुग्णालये आणि महाविद्यालय असल्याने शांतता क्षेत्राच्या नियमाखाली तिथले कार्यक्रम २००३ च्या सुमारास थांबले. रुग्णांच्या झोपेपेक्षा अॅम्प्लिफायर मोठा नाही, त्यामुळे त्या नियमाशी आमचे भांडण नाही. पण नियम लावणाऱ्यांनी पर्यायही द्यायला हवा होता. दोन-तीनशे माणसे उभी राहू शकतील, आवाज भिंतीबाहेर जाणार नाही आणि दारूच्या विक्रीवर भाडे अवलंबून राहणार नाही, अशी छोटी सभागृहे मुंबई-पुण्याच्या महापालिकांना आवाक्याबाहेरची नाहीत. नाटकासाठी आपण शहरोशहरी नाट्यगृहे बांधली, ती वाजवी दरात दिली आणि त्यातून प्रेक्षक घडवला. तीच दृष्टी तरुणांच्या या संगीताबाबत महापालिकांनी ठेवावी आणि येत्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद करावी.