युनिटमागचे पाणी

आज ५ जून. जागतिक पर्यावरण दिनाची रोपे दुपारपर्यंत सरकारी आवारांत लावून होतील, फोटो निघतील. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात कोळसा मात्र रोजच्यासारखाच उतरत राहील. रोपांबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती मोजणीची.

महावितरणच्या बिलावर स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन आकारही असतो. पैशाचा हिशेब पैपैचा. पण त्या विजेपायी किती पाण्याची वाफ झाली, किती जमीन उपसली, किती राख उरली, याचा रकाना बिलावर नाही.

हा हिशेब काही अवघड नाही. आपल्याकडे एका युनिटसाठी ढोबळमानाने ७०० ग्रॅम कोळसा जळतो आणि त्यात तीस ते चाळीस टक्के राख असते. पाण्याची मर्यादा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये घालून दिली: जुन्या केंद्रांसाठी हजार युनिटला साडेतीन घनमीटर, म्हणजे युनिटला साडेतीन लिटर. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराच्या नावे त्यामुळे ७० किलो कोळसा, २५ किलोच्या आसपास राख आणि मर्यादा पाळली गेली तर ३५० लिटर पाणी लागते. वाटेतली गळती आणि केंद्राने स्वतःच वापरलेली वीज यात धरलेली नाही.

शिवाय हा झाला केंद्राच्या फाटकाआतला हिशेब. कोळसा हाती येण्याआधी त्याच्या वरची माती, मुरूम, खडक काढावा लागतो. खाणपट्ट्यात त्याला नुसते ‘ओबी’ म्हणतात. एक टन कोळशामागे चार घनमीटर ओबी धरला, तर त्या ७० किलोंसाठी पाव घनमीटरहून जास्त जमीन उलथते. खाणीतून उपसलेले पाणी आणखी वेगळे. पण खाण एका कंपनीची, वीज केंद्र दुसरीचे, बिल तिसरीचे. प्रत्येकीची वही स्वतंत्र. तिन्हींची बेरीज करणे कोणाचेच काम नाही, म्हणून ती होत नाही.

चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. ते दिवसभर पूर्ण ताकदीने चालले तर सात कोटी युनिट वीज निघते आणि मर्यादेच्या हिशेबाने साडेचोवीस कोटी लिटर पाणी लागते. हे पाणी येते इरई धरणातून, आणि चंद्रपूर शहरही त्याच धरणाचे पाणी पिते. पारा ४७ अंशांवर गेलेल्या मे महिन्यातला एक लिटर आणि ऑगस्टमधला एक लिटर वार्षिक सरासरीत सारखेच दिसतात. परळीने याचा धडा फार पूर्वी दिला आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी तिथले औष्णिक केंद्र बंद पडले, २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. युनिटला साडेतीन लिटर हा आकडा कागदावर परळीतही तेवढाच आणि चंद्रपुरातही तेवढाच. मराठवाड्यातल्या दुष्काळी साडेतीन लिटरचे वजन कोणत्या तक्त्यात येते? म्हणून हा आकडा महिन्यागणिक हवा आणि ज्या नदीचे पाणी उचलले, तिच्या नावाने हवा.

मोजले की फरक पडतो, हेही चंद्रपूरनेच पाहिले आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषण निर्देशांकात हा पट्टा ८३.८८ गुणांनी देशात चौथा आला. पुढच्याच जानेवारीत अशा अतिप्रदूषित पट्ट्यांतल्या नव्या प्रकल्पांच्या मंजुऱ्या रोखल्या गेल्या. ओरड वर्षानुवर्षे होती; हलवले ते आकड्याने.

अर्थात दर युनिटचा आकडा एकटा पुढे केला तर तो फसवतो. नवे संच कमी कोळशात जास्त वीज देतात, आकडा खाली येतो, अहवाल खूश. पण देशाचे कोळसा उत्पादन २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांच्या पुढे गेले, त्याचे काय? दर युनिटचा आकडा आणि एकूण आकडा शेजारी शेजारीच छापायला हवेत.

आणि हाच काटा सौरऊर्जेलाही लावायचा. ती चालवायला पॅनेल धुण्यापुरतेच पाणी लागते, हे खरेच. पण एका मेगावॉटला चार-पाच एकर जमीन जाते आणि तारांसाठी तांबे लागते. गोंदियाच्या पलीकडे, बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडच्या खाणीत शंभर किलो खनिजातून जेमतेम किलोभर तांबे निघते. मोजून पाहिले तरी सौरऊर्जाच उजवी ठरेल असे आम्हाला वाटते. पण तिला मोजणीतून सूट नको.

महाराष्ट्र वीज नियामक आयोग दर ठरवताना एका युनिटला किती उष्णता खर्चावी, कोळशाच्या वाहतुकीत किती घट धरावी, याचेही निकष लावतो. म्हणजे यंत्रणा आहे, सवयही आहे. आयोगाने पुढच्या दरनिश्चितीपासून प्रत्येक केंद्राकडून पाणी, राख आणि ओबी यांचे महिनावार आकडे मागावेत आणि ते वीजबिलाच्या मागच्या बाजूला मराठीत छापायला लावावेत. सुरुवात चंद्रपूरपासून करावी.