प्रसन्नतेची सक्ती

दिवाळीत चार घरी जाणेयेणे होते. त्या चारांपैकी एखाद्या घरात तरी कुणीतरी अंथरुणाला खिळलेले असतेच. मग पाहुणे फराळाची बशी हातात घेऊन आतल्या खोलीत डोकावतात, खाटेच्या पायथ्याशी टेकतात, आणि पहिली चकली मोडून संपायच्या आत उपदेशाला सुरुवात करतात. "वहिनी, मन प्रसन्न ठेवा बघू! निम्मं दुखणं मनाचंच असतं. काळजी करायची सोडा, रोग आपोआप पळेल." वहिनी कसनुशा हसतात. पाहुणे समाधानाने आणखी एक लाडू मागून घेतात आणि आपण आजारी बाईला नुसता धीर नव्हे तर औषधच देऊन आलो, अशा थाटात पुढच्या घरी जातात.

या उपदेशाविरुद्ध मला आज भांडायचे आहे. सणाच्या अंकात भांडण कशाला, असे कुणी म्हणेल. परंतु हा माल वर्षभरात सर्वांत जास्त वाटला जातो तो याच चार दिवसांत. तेव्हा त्याची तपासणीही याच दिवसांत व्हायला हवी.

मी डॉक्टर नाही. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण झाले नाही. सकाळी बालवाडीतली मुले सांभाळते आणि दुपारी कादंबऱ्या लिहिते. हिला शरीरशास्त्रातले काय कळते, असे विचारणाराला माझे उत्तर एवढेच की, उपदेश करणारे पाहुणेही काही डॉक्टर नसतात. शिवाय मी जे सांगणार आहे ते छापून आलेले आहे आणि ते वाचायला कुणी पदवी मागत नाही.

प्रथम एक गोष्ट कबूल करून टाकते. मनाचा आणि रोगप्रतिकारशक्तीचा काही संबंधच नाही, असे माझे म्हणणे नाही. संबंध आहे, आणि तो मोठ्या मौजेने सापडला. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात रॉबर्ट एडर नावाचे मानसशास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करीत होते. उंदरांना सॅकरिनचे गोड पाणी प्यायला द्यायचे आणि लगेच मळमळ आणणारे एक औषध टोचायचे, म्हणजे पुढे त्यांना नुसत्या गोड पाण्याचाही तिटकारा येतो. तसा तो आला. पण पुढे नुसतेच गोड पाणी दिले असता काही उंदीर मरू लागले! ते औषध होते सायक्लोफॉस्फमाइड. त्याने मळमळते, तशी शरीराची प्रतिकारशक्तीही दबते. औषध बंद झाले होते, पण गोड चव जिभेला लागताच शरीर औषध मिळाल्यासारखे वागत होते. एडर यांनी निकोलस कोहेन या प्रतिकारशास्त्रज्ञाला जोडीला घेतले आणि रीतसर प्रयोग करून १९७५ साली तो प्रसिद्ध केला. नुसत्या चवीने त्या उंदरांच्या रक्तातली प्रतिपिंडे कमी भरली. तोपर्यंत समज असा होता की, पांढऱ्या पेशींची फौज आपल्या मनाने लढते, मेंदूशी तिला काही देणेघेणे नसते. पुढे डेव्हिड फेल्टन यांना प्लीहेत थेट त्या पेशींच्या शेजारी जाऊन पोहोचलेले मज्जातंतूही दिसले. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी संकटाच्या वेळी कॉर्टिसॉल नावाचा रस सोडतात आणि तो या फौजेला आवरून धरतो, हेही आता सर्वमान्य आहे.

मग पाहुणे बरोबरच सांगत होते की, असे म्हणून कुणी टाळी वाजवील. जरा थांबावे. अमेरिकेतल्याच ओहायो राज्यात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांचे पती रोनाल्ड ग्लेझर यांनी या विषयावर वर्षानुवर्षे काम केले. १९९५ साली त्यांनी तेरा बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटीशी जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते मोजले. या तेराजणी घरातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची सेवा करणाऱ्या होत्या. तेवढ्याच वयाच्या, पण घरी असे ओझे नसलेल्या दुसऱ्या तेराजणींच्या मानाने यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. १९९८ साली दंतवैद्यकाच्या अकरा विद्यार्थ्यांच्या टाळूला सुट्टीत एकदा आणि परीक्षेच्या तोंडावर एकदा अशी जखम केली, तर परीक्षेच्या वेळची भरायला चाळीस टक्के अधिक वेळ लागला. (आमच्या परीक्षा मंडळांनी ही बातमी फळ्यावर लावायला हरकत नाही.)

आता मला सांगा, त्या तेराजणींना काय हवे होते? "प्रसन्न राहा" हे वाक्य? ज्या बाईला आपला नवरा किंवा आई ओळखेनाशी झाली आहे, जी रात्री तीनदा उठते, आणि जिच्या जागी चार तास बसायला कुणी येत नाही, तिची जखम भरत नाही यात तिच्या स्वभावाचा दोष कोणता? तिच्यावर ओझे आहे आणि शास्त्रज्ञांनी त्या ओझ्याचे माप घेतले. आपल्या उपदेशकांनी त्या मापाचा अर्थ लावला तो असा की, बाईला ओझे नीट उचलता येत नाही! काळजी करू नकोस म्हणणाऱ्याने त्या घरी एक रात्र जागून दाखवावे, मग बोलावे.

बरे, काळजीचे वजन तरी किती? त्याचेही उत्तर आहे. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीजवळ साध्या पडशाच्या संशोधनासाठी एक केंद्र होते. तिथे शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९४ धडधाकट माणसांच्या मनावर किती ताण आहे ते आधी विचारून घेतले आणि मग त्यांच्या नाकात पडशाच्या विषाणूचे थेंब घातले. १९९१ साली निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मनावर सर्वांत कमी ताण होता त्यांच्यातल्या शंभरांपैकी सुमारे २७ जणांना पडसे झाले आणि सर्वांत जास्त ताण असलेल्यांतल्या ४७ जणांना. फरक लहान नाही. पण हेच आकडे उलटे वाचून पाहावेत. काळजीने पोखरलेल्या शंभर माणसांपैकी ५३ जणांना विषाणू नाकात घालूनही पडसे झाले नाही आणि निश्चिंत असलेल्या २७ जणांना झाले. म्हणजे ज्याला पडसे झाले तो चिंताखोर, असे उलट अनुमान काढता येत नाही. विषाणू तो विषाणूच. काळजीने पारडे थोडे झुकते, पण पारड्यात रोग कुणी तरी आधी टाकावा लागतो.

हे साधे तारतम्य सुटले की काय होते, याचा पुरावा जठरव्रणाने दिला आहे. पोटातला हा व्रण चिंतेने, चिडचिडीने होतो, हे एका पिढीचे वेदवाक्य होते. कारकून असो की कारखानदार, पोट धरून बसला की डॉक्टरांपासून सासूपर्यंत सगळे त्याला सांगत, फार मनाला लावून घेता हो तुम्ही! ऑस्ट्रेलियात पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना १९८२ साली अशा रोग्यांच्या जठरात एक वाकडा जंतू सापडला. कुणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी त्या जंतूंचे पाणी स्वतःच पिऊन जठराला सूज आणवून दाखवली. बहुतेक व्रण या जंतूने होतात, काही वेदनाशामक गोळ्यांनी होतात, आणि जंतूचे व्रण प्रतिजैविकांनी बरे होतात. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. पण तोवर ज्यांना चिंताखोर म्हणून हिणवले गेले, त्यांची माफी मागायला कुणी गेल्याचे ऐकिवात नाही.

आणि क्षय! इथे आमच्या धंद्यातल्या लोकांनाच जाब विचारला पाहिजे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. त्यानंतर कित्येक दशके कथाकादंबऱ्यांतल्या नायिका प्रेमभंगाने खोकत राहिल्या आणि रुमालावर रक्ताचा ठिपका उमटवून मरत राहिल्या. वाचकांना ते गोड वाटे. पण घराघरांतल्या खऱ्या रोग्यांना मात्र, "कसला घोर लावून घेतलास?" या प्रश्नाला तोंड द्यावे लागे. आमचा चरक या बाबतीत कितीतरी समंजस! त्याने राजयक्ष्म्याच्या कारणांत शोक आणि चिंता घातल्या आहेत खऱ्या, पण अतिश्रम आणि वेडेवाकडे खाणे यांच्या पंक्तीत. आणि दुसऱ्या एका ठिकाणी विषादाला त्याने अग्रमान दिला आहे तो रोग वाढवणाऱ्यांमध्ये, रोग निर्माण करणाऱ्यांमध्ये नव्हे. हा भेद दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला कळत होता. आपल्या पाहुण्यांना कळत नाही.

क्षयाविषयी आणखी एक सांगते. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांवर एक प्रयोग झाला. निम्म्या गटांतल्या माणसांना महिन्याच्या महिन्याला जादा शिधा आणि जीवनसत्त्वे दिली, निम्म्यांना दिली नाहीत. ज्यांना शिधा मिळाला त्यांच्यात क्षय सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला. २०२३ साली हे प्रसिद्ध झाले. प्रतिकारशक्ती वाढवणारी गोष्ट हवी ना? ही घ्या. पण डाळ-तांदळाला पैसे पडतात आणि उपदेश फुकट असतो, म्हणून आपल्याकडे उपदेशाचीच आवड अधिक.

सर्वांत मोठा अन्याय पुढेच आहे. मन शरीरावर चालते एवढेच लोकांनी ऐकले. शरीर मनावर चालते हे त्यांच्या कानी आले नाही. रोगाशी लढताना पांढऱ्या पेशी काही द्रव्ये सोडतात आणि त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो. मग अन्नावरची वासना उडते, झोप येते, माणसे नकोशी वाटतात, मन खिन्न होते. गोठ्यातली गाय तापली की चारा सोडून कोपऱ्यात मान टाकून उभी राहते, तेच हे. बेंजामिन हार्ट या पशुवैद्याने १९८८ सालीच दाखवून दिले की, हा जनावराचा दुबळेपणा नसून लढाईसाठी शक्ती राखून ठेवण्याची युक्ती आहे. काविळीच्या एका चिवट प्रकारावर पूर्वी इंटरफेरॉन हे अशाच द्रव्यांपैकी एक टोचून देत असत. त्याने अनेक चांगल्या हसत्याखेळत्या माणसांना काही आठवड्यांत खोल नैराश्य येई. तेव्हा तुमच्या वहिनी उदास आहेत म्हणून आजारी नाहीत. आजारी आहेत म्हणून उदास आहेत. गाईला कुणी "प्रसन्न राहा" म्हणत नाही. तेवढी सवलत वहिनींना का नसावी?

आता कर्करोग. त्याचे नाव दिवाळीत काढू नये म्हणतात, पण तो दिवाळी पाहून येत नाही. १९८९ साली स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी जाहीर केले की, स्तनाचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या ८६ बायकांपैकी ज्यांना दर आठवड्याला एकत्र बसवून बोलते केले, त्या इतरांपेक्षा जवळजवळ दीड वर्ष अधिक जगल्या. जगभर आनंद झाला. पण २००१ साली कॅनडात २३५ बायकांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा आयुष्य वाढलेले दिसले नाही. २००७ साली स्पीगल यांनी स्वतःच तो पुन्हा केला आणि एकंदरीत आयुष्य वाढत नाही असे आढळल्याचे स्वतःच छापले. या माणसाला माझा नमस्कार. त्याच साली जेम्स कॉइन यांनी डोक्यामानेच्या कर्करोगाचे १०९३ रोगी तपासले. मनाच्या स्थितीचा आणि जगण्यामरण्याचा काही मेळ लागला नाही.

या बातम्या आपल्याकडे व्याख्यानांतून सांगितल्या जात नाहीत. आमच्या शाळेत एक बाई होत्या, माझ्याहून वयाने मोठ्या, गणित शिकवीत. त्यांना हाच आजार झाला. कुणीतरी त्यांना अशाच एका व्याख्यानाला नेले. मनात साठवलेल्या रागाची गाठ होते आणि हसत राहिले तर ती विरघळते, असे तिथे सांगितले गेले. तेव्हापासून बाई हसत राहिल्या. डॉक्टरांनी दुखते का विचारले तरी नाही म्हणत. कारण दुखते म्हणणे म्हणजे मन दुबळे पडल्याची कबुली! पुढे आजार वाढला. एक दिवस मी गेले तेव्हा घरात दुसरे कुणी नव्हते. त्यांनी मला विचारले, "अगं, माझं मन कमी पडलं म्हणून हे झालं का?" चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांच्या चुका तपासणाऱ्या बाईने शेवटी स्वतःच्या मरणावरही लाल रेघ मारून घेतली होती.

खोटी असली तरी आशा माणसाला तारते, ती का हिरावता, असे मला पुष्कळांनी ऐकवले आहे. कॅनडातल्या त्या बायकांचे आयुष्य वाढले नाही, पण ज्या मुळात फार खचल्या होत्या त्यांचे मन हलके झाले आणि दुखणे कमी जाणवू लागले, हे त्याच निबंधात लिहिले आहे. आणि त्या बैठकीत त्यांना हसायला लावीत नसत. मरणाची भीती, मुलांचे कसे होईल, नवऱ्याचा राग येतो, हे सगळे मोकळेपणी बोलू देत.

हे सारे मी बाईंना त्या दुपारी सांगितले. उंदरांचे सांगितले, जठराचे सांगितले, त्या १०९३ रोग्यांचे सांगितले. आकडा ऐकून त्यांनी तो एकदा पुन्हा म्हणायला लावला, गणिताच्या ना! मग बराच वेळ खिडकीकडे पाहून म्हणाल्या, "म्हणजे रडलं तर चालेल?"

"चालेल की," मी म्हटले.

तासभर रडल्या. मी चहा टाकला, तो निवला, म्हणून पुन्हा टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना कुठे कुठे दुखते ते सांगितले आणि डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या.