पाणी आहे, आडोसा नाही

सायकल आणि स्त्रीमुक्ती यांचं नातं आपण शिबिरांतून नेहमी कौतुकानं सांगतो. अमेरिकेतल्या मताधिकार चळवळीच्या नेत्या सुसान अँथनी यांनी १८९६ साली एका मुलाखतीत म्हटलं होतं की, बायकांना सायकलनं जितकं मोकळं केलं तितकं दुसऱ्या कशानं केलं नसेल. फ्रान्सिस विलर्ड त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ साली त्यावर त्यांचं पुस्तकही निघालं. हे सगळं खरंच आहे. पण सायकलवर तीन-चार तास झाल्यावर बाईला लघवीला कुठे जायचं असतं, हा प्रश्न या कौतुकात येत नाही. मैत्रिणींनो, आज मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

डेन्व्हरला भाचीकडे गेले होते, तेव्हा तिच्याबरोबर एका गटात कॅन्सस राज्य सायकलनं पार केलं. ऑरेगनपासून व्हर्जिनियापर्यंतचा सुमारे ६,८०० किलोमीटरचा सायकलमार्ग अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली त्या वर्षी, १९७६ साली सुरू झाला. आमचा रस्ता त्यातलाच एक तुकडा. आम्ही तेरा जण, त्यात बायका चार. सोबत सामानाची एक व्हॅन.

जूनमधला तो दिवस स्कॉट सिटी ते नेस सिटी असा सुमारे ९० किलोमीटरचा होता. मध्ये डायटन हे एकच बऱ्यापैकी गाव. त्यानंतरचे ५० किलोमीटर म्हणजे सरळ रस्ता, दोन्हीकडे काटेरी तारा आणि तारांपलीकडे खाजगी शेतं. शाळेच्या भूगोलात वाचलेली प्रेअरी इथे बरीचशी नांगराखाली गेली आहे. गहू पिकलेला, पण कमरेलाही न लागणारा. ज्वारी (हो, आपलीच ज्वारी तिथेही पिकते) नुकती वर आलेली. झाड नाही. पुढच्या गावाचं धान्याचं कोठार तासभर आधी दिसतं आणि जवळ म्हणून येत नाही. दक्षिणेकडून सतत आडवा वारा, पारा अडतीसच्या पुढे. वारा अडवायला आम्ही एकमेकांच्या तिरक्या रेषेत चालवत होतो. पुढचा दमला की तो मागे जायचा. ही वाटणी सुरेख होती. त्यात बाई-पुरुष असा भेद कुणी केला नाही, हेही सांगायला हवं.

सकाळी गटप्रमुखानं बजावलं होतं, भरपूर पाणी प्या, तहान लागायची वाट पाहू नका. व्हॅन दर वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबायची. थंड पाणी, केळी, खारे दाणे तयार. पुरुष पाणी प्यायचे, दहा पावलं जाऊन रस्त्याकडे पाठ करायचे, परत यायचे. दोन मिनिटांचं काम. डायटन सोडल्यावर भाची माझ्याशेजारी आली आणि मराठीत म्हणाली, "मावशी, सकाळपासून तुझी अर्धी बाटलीसुद्धा संपलेली नाही." मी म्हटलं, "आणि तुझी?" ती काही बोलली नाही. नंतर कळलं, चौघीही तेच करत होतो. चार देशांत वाढलेल्या चार बायका, कुणी कुणाला न सांगता एकच हिशेब करत होत्या. बीलर गावाच्या अलीकडे आमच्यातल्या एकीला चक्कर आली, पायात गोळे आले. ती शिक्षिका, आमच्या सगळ्यांत दणकट. पुरुषांचा निष्कर्ष तयार होता: हिला हे अंतर झेपत नाही.

झेपत होतं. तिनं पाणी प्यायलं नव्हतं, एवढंच.

आमच्यात एक निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी तिला व्हॅनच्या सावलीत निजवलं, मीठ-पाणी दिलं आणि गटप्रमुखाला सरळ विचारलं, तू पाण्याची सोय केलीस, ते पाणी बाहेर कुठे टाकायचं? तो गोरामोरा झाला. म्हणाला, इतकी मोकळी जागा आहे, सगळ्यांना सारखीच. मला हे वाक्य फार ओळखीचं वाटलं. नियम सगळ्यांना सारखा म्हणजे न्याय झाला, असं मानणाऱ्यांना आपण इकडे रोज भेटतो. मोकळं माळरान पुरुषाला मोकळं असतं. बाईला तिथे मैलभरावरून येणारा ट्रक दिसत असतो. शिवाय खांद्यावरून पट्टे असलेली सायकलची चड्डी उतरवायची तर वरचा सदराही काढावा लागतो. पाळी चालू असेल तर आणखी.

उपाय काय निघाला? व्हॅनची मागची दोन्ही दारं उघडायची आणि मध्ये ताडपत्री बांधायची. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. त्यानंतर चौघींच्या बाटल्या भराभर रिकाम्या झाल्या. त्या बीलरजवळच १८८६ साली जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी जमीन घेतली होती. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मधले तेच. लाकूडच नाही म्हणून तिथले लोक गवताच्या मुळांसकट माती कापून तिच्या विटांची घरं बांधत. त्यांनीही तसंच घर उभारलं. रस्त्याकडेला त्यांच्या आठवणीचा फलक आहे. तिथे आम्ही सगळे थांबलो, शिक्षिकाबाईसुद्धा. पुढचं अंतर तिनं सायकलवरच केलं.

मुंबईत २०११ साली बायकांच्या मोफत मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा वर्तमानपत्रं आधी हसली होती. शहराबाहेर, एसटीच्या लांब प्रवासात, उसाच्या फडात बायका अजून पाणी मोजूनच पितात. आणि आपल्या स्वतःच्या पदयात्रा? सायकल फेऱ्या? नियोजनाच्या बैठकीत टँकर कोण आणणार, खिचडी कोण करणार, हे नावानिशी ठरतं. आडोशाचं काम मात्र ‘बघू तिथे गेल्यावर’ यात जातं, आणि बैठकीत आपण बायकाच बसलेल्या असतो. येत्या फेरीच्या कामवाटपात पाण्याच्या ओळीखाली ही दुसरी ओळ घालावी आणि तिच्यापुढेही एकीचं नाव लिहावं, असं मी आमच्या गटात सुचवलं आहे. ताडपत्री आणि चार बांबू मी देणार आहे.