म्हणे परवडत नाही!

माझी धाकटी बहीण घाटमाथ्यावरच्या एका वाडीत राहते. भाऊबीजेला मला जाता आले नाही, की फोनवर दोन शब्द बोलायला तिला टेकडी चढावी लागते. ‘तिथे मनोरा परवडत नाही,’ असे शहाणे सांगतात.

परवडत नाही? मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातील तालेआ या डोंगरी गावालाही मोठ्या कंपन्यांनी नकारच दिला होता. गावकऱ्यांनी २०१३ साली स्वस्त रेडिओयंत्र, संगणक आणि सर्वांना खुली असलेली आज्ञावली घेऊन स्वतःचे मोबाइल जाळे उभारले! गावातले बोलणे गावातल्या गावात जोडायचे, बाहेरचे तेवढे इंटरनेटवरून पाठवायचे. २०१६ साली तिथल्या नियामक संस्थेने अशा गावांच्या संघटनेला रीतसर परवानाही दिला.

म्हणजे महाग यंत्र नव्हे. महाग आहे तो शहरचा आराखडा खेड्यावर लादण्याचा हट्ट! तो सोडा. माझ्या बहिणीला सणाला भावाशी बोलायचे आहे, गिर्यारोहण करायचे नाही.