आधी माळ, मग माळढोक

२०२५ च्या एप्रिलातली गोष्ट. माझा भाचा मोबाईल नाचवीत घरात शिरला. "मामा, हजारो वर्षांपूर्वी मेलेला लांडगा जिवंत झाला!" पाहतो तो खरोखरच पांढरीशुभ्र, गुबगुबीत पिले. अमेरिकेतल्या कोलोसल नावाच्या कंपनीने ती जन्माला घातली होती. बातमी शेवटपर्यंत वाचली, तेव्हा उलगडा झाला. एक जुना दात आणि एक जुनी कवटी यांतून 'डायर वुल्फ' या नामशेष प्राण्याची जनुके वाचली, आणि आजच्या करड्या लांडग्याच्या पेशीत, चौदा जनुकांत मिळून, वीस बदल केले. म्हणजे लांडगा करडाच; अंगरखा तेवढा दुसऱ्याचा! कारागिरी अचाट आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण नाटकातल्या शिवाजीमहाराजांना आपण टाळ्या देतो. त्यांच्याकडे वतनाचा अर्ज करीत नाही.

इथवर मी हसतच होतो. पण त्याच दिवसांत अमेरिकेतल्या सरकारी जमिनी आणि वन्यप्राणी ज्यांच्या खात्याकडे आहेत, त्या डग बर्गम या मंत्रीमहोदयांनी जाहीरपणे लिहिले की, संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेलेला प्राणी तिथून बाहेर येत नाही; तेव्हा नियमांपेक्षा नव्या शोधांवर भिस्त ठेवावी. माझे भांडण आहे ते इथे. मेलेला उठवता येतो म्हटल्यावर मरू घातलेल्याच्या उशाशी कोण बसणार?

आणि हे दुखणे अमेरिकेचेच आहे असे समजू नका. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर मी एकदा पहाटेपासून माळढोकाची वाट पाहत बसलो होतो. काळविटे दिसली, चंडोल दिसले, दूरवर एक लांडगाही दिसला. हा मात्र अस्सल, कोणी न घडवलेला! माळढोक काही दिसला नाही. संध्याकाळी मेंढरे घेऊन परतणारे एक म्हातारबाबा म्हणाले, "पक्षी बघाया आला व्हता व्हय? आमच्या पोरपणी मेंढरांच्या संगं हिंडायचा की ह्यो."

या पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले, ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचे. त्यात गावेच्या गावे आली, बाजारपेठा आल्या. जमिनीचे व्यवहार अडले आणि बिचाऱ्या पक्ष्याने जन्मात न पाहिलेले शत्रू त्याला मिळाले. २०१२ साली ते साडेबाराशेच्या आत आणले. तोवर बराचसा माळ नांगराखाली गेला होता, आणि उरल्यातही कुठे गिरिपुष्प तर कुठे सुबाभूळ लावून आपण पुण्य जोडले होते. झाड लावणे हे नेहमीच सत्कर्म, ही आपली गोड समजूत! माळढोकाला लांबवरचे दिसावे लागते. तो उघड्या जमिनीवर अंडे घालतो, तेही बहुधा वर्षाला एकच. त्याच्या घरात झाडी उभी करणे म्हणजे दारात भिंत बांधणे. पण गवताळ माळाला सरकारदरबारी नावच 'पडीक'. पडीक म्हटले की कोणीही यावे आणि काहीही करावे.

आता चांगली बातमीही सांगतो, नाहीतर ऐन दिवाळीत रडगाणे गातो म्हणाल. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी राजस्थानात, जैसलमेर जिल्ह्यात, कृत्रिम रेतनातून माळढोकाचे पिल्लू जन्मले. नर रामदेवऱ्याला, मादी दोनशे किलोमीटरांवर समला. एका पिल्लासाठी शास्त्रज्ञांनी एवढा खटाटोप केला; सबंध जगात दीडशेही पक्षी उरले नसताना तो करायलाच हवा होता. या मंडळींना माझा दंडवत.

पण ते पिल्लू सोडायचे कुठे? त्याच वाळवंटात विजेच्या तारा पसरल्या आहेत. माळढोकाचे डोळे बाजूंना. समोरचे त्याला नीट दिसत नाही, आणि जड अंगाने ऐनवेळी वळताही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखाली नेण्याचा हुकूम दिला, आणि २०२४ मध्ये तो बराच सैल केला. सूर्याची वीज मलाही हवी आहे. पण तारेचा मार्ग नकाशावर हलवता येतो, तसा माळ हलवता येत नाही, एवढे समजायला कोणती प्रयोगशाळा लागते?

भाच्याने हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, "पण मामा, नान्नजला तो दिसेल का?"

नाही दिसला तर निदान लांडगा दाखवीन म्हणालो. या सुटीत निघतो आहोत. पहाटे पाचला.