लिंबूची शेव बंद!

आमच्या घरी सकाळी पोह्यांच्या चार बश्या भरतात आणि पाचव्याचा वाटा बाबांच्या तळहातावर असतो. हा पाचवा म्हणजे लिंबू, आमचा लव्हबर्ड. अंग पिवळंधमक, तोंड नारंगी. या जातीत नर-मादी नुसतं बघून ओळखता येत नाहीत, त्यामुळे आम्ही आपलं त्याला 'तो' म्हणतो. बाबा रिटायर झाल्यापासून दोघांची चांगलीच गट्टी जमली. इंदूरचे पोहे म्हटल्यावर वर शेव आलीच, आणि लिंबू ती शेव अशी कुरुमकुरुम खायचा की बघत राहावं. मी त्याचे व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचो.

मागच्या पावसाळ्यात तो सुस्तावला. पिंजऱ्यातून पडद्याच्या दांडीपर्यंत उडालं तरी धापा टाकायचा, दिवसासुद्धा पिसं फुगवून बसायचा, चोच वाढून पुढे आली होती. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी काट्यावर ठेवलं तर ७२ ग्रॅम! लव्हबर्डचं वजन साधारण ४५ ते ६० ग्रॅम असतं. "काय खातो?" डॉक्टरांनी विचारलं. बाबा कौतुकाने म्हणाले, "सगळं खातो हो!"

डॉक्टर म्हणाले, यकृतावर चरबी चढली आहे. वेळेत आणलंत.

शेव चूक होतीच, एवढ्याशा जिवाला ते मीठ आणि तेल झेपत नाही. पण खरा घोळ माझा होता. दुकानातून बियांचं मिश्रण आणायचं आणि वाटी भरून ठेवायची, एवढीच माझी समज. लिंबू त्यातल्या सूर्यफुलाच्या बिया आधी वेचायचा, जसं आपण पंगतीत भाजीआधी जिलबी संपवतो. त्या बियांच्या गरात जवळजवळ निम्मं तेल असतं. अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मात्र फारच कमी. त्याचे भाऊबंद नामिबिया-अंगोलाच्या कोरड्या मुलखात दाण्यापाण्यासाठी दिवसभर उडतात. आमचा लिंबू हॉलमध्ये सहा फूट उडतो. खाणं जंगलातलं आणि हालचाल सोफ्यावरची, हा हिशेब जुळणार कसा?

त्याच रात्री मी बिया काढून सगळी वाटी पेलेटने भरली. पेलेट म्हणजे पक्ष्यांसाठी तयार केलेले संतुलित आहाराचे दाणे. नवीन सिस्टिम एका रात्रीत लाइव्ह करायची नसते, हे ऑफिसात दहा वर्षं शिकलो आणि घरी विसरलो. तीन दिवसांत वजन ६६ वर आलं. मी खूश, पण डॉक्टर फोनवर चांगलेच रागावले. अनोळखी दाणा हे अन्न आहे हेच पक्ष्याला कळत नाही, तो उपाशी राहतो. आणि असल्या छोट्या पक्ष्याला एक दिवसाचा उपासही जिवावर बेतू शकतो. बिया परत आल्या. मग रोज चिमूटभर पेलेट वाढवत, चिमूटभर बिया कमी करत दोन महिने घालवले.

तिकडे बाबा पिंजऱ्याजवळ जाईनासे झाले. "माझ्या हातून परत काही व्हायला नको," एवढंच म्हणाले. सकाळी लिंबू त्यांना हाका मारायचा आणि ते पेपर आणखी वर धरायचे. ते बघणं मला वजनाच्या आकड्यापेक्षा जड गेलं.

वाट बाबांनीच काढली. लिंबू गाजराला शिवत नव्हता, मेथीच्या काड्या खाली फेकत होता. एक दिवस बाबा उठले आणि पिकलेली लाल मिरची घेऊन आले. त्यांच्या लहानपणी वाड्यात पोपट होता, तो मिरचीवर जीव टाकायचा. (देशी पोपट पाळणं हा वन्यजीव कायद्याने आता गुन्हा आहे, ते मोकळेच बरे.) लिंबूने मिरची ओढून घेतली आणि बियांसकट फस्त केली! पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, आणि लाल मिरचीतून अ जीवनसत्त्वही मिळतं. मग बाबा त्याच्यासमोर बसून स्वतः गाजर खायला लागले. थव्यातला दुसरा खातो ते खायची पोपटांची सवयच असते. आठवड्याभरात लिंबूने गाजराला चोच लावली.

आता त्याच्या खाण्यात निम्म्याहून जास्त पेलेट असतात. सकाळी बारीक चिरलेलं गाजर, लाल भोपळा, लाल ढोबळी मिरची, मेथी, कोथिंबीर किंवा शेवग्याचा पाला. मोड आलेले मूग आठवड्यातून दोनदा. पेरू, पपई किंवा बी काढलेलं सफरचंद नखाएवढं. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेस टांगलेला असतो. सूर्यफुलाच्या दोन-तीन बिया फक्त हातावर, शाबासकी म्हणून. ताजी भाजी दोन तासांनी काढून टाकायची, नाहीतर उन्हाळ्यात आंबते. पाणी रोज बदलायचं.

अव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण आणि खारवलेलं काहीही द्यायचं नाही. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी दगावतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब. आणि बियांची वाटी भरलेली दिसली तरी फुंकर मारून बघा. वर नुसती टरफलं असतात, खाली काहीच नसतं.

पक्षी आजार लपवतो. आपल्याला लक्षात येतं तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन घ्यायचं आणि लिहून ठेवायचं. अचानक दहा टक्क्यांनी घटलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे. तुमच्याकडे लव्हबर्ड असेल तर येत्या रविवारीच सुरुवात करा.

लिंबूची वही बाबा लिहितात. परवाची नोंद ५८ ग्रॅम. पोह्यांच्या बश्या अजूनही चारच भरतात. पाचव्याचा वाटा अजूनही बाबांच्याच तळहातावर असतो. फक्त शेवेच्या जागी आता पोह्यांसाठी चिरलेल्या कोथिंबिरीतली चिमूटभर असते, मीठ पडायच्या आधी बाजूला काढलेली.